कुसाबाईच्या वाटणीची डाळ

आज सकाळपासून तुमच्या पोटात किती ग्रॅम प्रोटीन गेलं? सांगा. हळू आवाजात सांगितलंत तरी चालेल.

गाडी लिटरला किती पळते ते तुम्हाला तोंडपाठ आहे. मोबाइलमधला डेटा किती उरला ते दिवसातून चारदा बघता. आणि ज्या देहाच्या जिवावर ही गाडी पळते, त्यात रोज काय टाकता असं विचारलं की म्हणता, "आमचं आपलं साधंच असतं, भाजी-भाकरी." साधं म्हणजे किती? लंकाबाई हाच प्रश्न विचारते, आणि आकडा मिळेपर्यंत समोरून हलत नाही. तिला टाळायला लोकांनी बाजारात गल्ली बदललेली आहे.

लंकाबाई पिंपळगाव बसवंतला हायवेलगतच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसात मुकादम आहे. शिकली सातवी. सीझनला तिच्या हाताखाली चाळीस बाया असतात. थंडगार हॉल, डोक्याला जाळीच्या टोप्या, अंगात एप्रन, हातात बोटभर कैची. घड उचलायचा, डागी मणी उडवायचा, वाळका देठ छाटायचा आणि घड पनेटात बसवायचा. पनेट म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची डबी, पाचशे ग्रॅमची. पाचशेला कमी भरली तर माल परत येतो, फार जास्त भरली तर मालक ओरडतो. नवी पोरगी दर डबी काट्यावर ठेवून एक मणी काढते, एक घालते. जुन्या बाया काट्याकडे बघतसुद्धा नाहीत. त्यांच्या तळहातालाच काटा फुटलेला असतो.

आणि त्या सगळ्यांत कुसाबाईचा हात म्हणजे शेवटचा शब्द. वय चोपन्न, वणी रस्त्यावरच्या एका खेड्यातून पहाटे पिकअपमध्ये बसून येते. एकदा परदेशी पाहुणे आले तेव्हा तिच्या वीस डब्या लागोपाठ काट्यावर ठेवल्या. सगळ्या पाचशे ते पाचशे सहाच्या आत. पाहुण्यांनी फोटो काढले. कुसाबाई म्हणाली, "फोटो कशाला, माल उचला. मागं ट्रॉली तुंबली."

ही कुसाबाई जानेवारीच्या एका मंगळवारी लाइनवर उभी असताना खाली बसली, आणि बसल्या बसल्या आडवी झाली. डोकं ट्रॉलीच्या कडेपासून वीतभर लांब पडलं. तिला साखर होती, सहा वर्षांपासून. गोळी चालू होती. त्या दिवशी देवीचा उपास होता, म्हणून गोळी घेतली होती आणि वर फक्त चहा. डॉक्टरांनी तपासलं, तीन महिन्यांची साखर नऊ पॉइंट आठ निघाली. ते म्हणाले, "उपाशीपोटी ही गोळी घेतली की साखर एकदम उतरते. परत घेतलीत तर परत पडाल. एप्रिलमध्ये पुन्हा तपासू. आठच्या खाली नाही आली तर इंजेक्शन."

शेडचा सुपरवायझर धनराज वाईट माणूस नाही, पण घाबरट आहे. तो लंकाबाईला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, एवढा सीझन बसून करायचं हलकं काम देतो. पुढच्या वर्षी मात्र कुसामावशींना नाही घेता येणार. पडल्या, डोकं फुटलं, तर शेड बंद पडेल."

"आणि रिपोर्ट आठच्या खाली आला तर?"

"मग घेऊ."

"लिहून ठेव. आणि नाय आला, तर मलाबी मुकादम नको ठेवू."

हे वाक्य लंकाबाई रागात बोलून गेली. ती बरंच काही रागात बोलते. पण एकदा बोललेलं मागं घ्यायची तिला सवय नाही, त्यामुळे त्या क्षणापासून कुसाबाईची साखर आणि लंकाबाईची मुकादमी एकाच दोरीला बांधली गेली.

आता तुम्ही म्हणाल, मुकादम बाईला साखरेतलं काय कळतं? तर ऐका. चार वर्षांपूर्वी लंकाबाईलाच साखर निघाली होती. तेव्हा तिला एक छापील कागद मिळाला. त्यावर ओट्स होते, ब्रोकोली होती, ऑलिव्ह तेल होतं. तिनं तो कागद दवाखान्यातल्या खिडकीवर परत ठेवला आणि विचारलं, "हा कोणाच्या घरचा हाय? चुकून मला आला." मग गल्लीनं तिचा ताबा घेतला. एकीनं भात बंद केला, एकीनं बटाटा, तिसरीनं केळं. द्राक्षाच्या गावात राहून द्राक्ष बंद. लंकाबाईनं दोन महिने सगळं बंद केलं, अंगातलं बळ गेलं, केस हातात यायला लागले, आणि भाच्याच्या हळदीला तिनं बुंदीच्या पातेल्यापाशी उभं राहून पाच वाट्या बुंदी खाल्ली. उभ्यानंच, कोणी बघायच्या आत.

तिची मुलगी वेदिका नाशकात इंदिरानगरला खोली घेऊन नर्सिंग शिकते. आईची ही गत बघून ती म्हणाली, "आई, आमच्या समोरच्या फ्लॅटमधली जिमवाली पोरं सगळं खातात. भात खातात, मिसळ खातात. फक्त मोजून खातात. छोट्या काट्यावर."

"काट्यावर?" लंकाबाई म्हणाली. "मंग हे तर आमचंच काम झालं."

त्या दिवसापासून ती शिकली. मोबाइलवर ऐकलं, वेदिकाला प्रश्न विचारून विचारून जेरीस आणलं, वर्षभर वहीत लिहिलं आणि स्वतःची साखर आटोक्यात आणली. कार्ब, प्रोटीन, फॅट हे शब्द बायांच्या गळी उतरेनात, म्हणून तिनं आपली नावं ठेवली. भाकरी, भात, साखर हे जळण. डाळ, दाणे, अंडं, दही हे बांधकाम. तेल, तूप हे वंगण. दाण्यात वंगणही भरपूर असतं, हे ती बजावून सांगते. "तुम्ही नुसतं जळण टाकत्या," ती म्हणायची, "भट्टी पेटली, पण भिंत कोण बांधणार?" आणि तिचा मोठा नियम असा की बंद काहीच नाही. दिवसाचा कोटा ठरवायचा आणि त्यात बसवायचं. चारला वडापाव खाल्लास ना, खाल्ला. रडू नको, चोरू नको. संध्याकाळी एक भाकरी कमी, एक अंडं जास्त. गोळ्या मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय हलवायच्या नाहीत, आणि खाण्यात मोठा बदल करायचा तर तोही त्यांना आधी सांगायचा. तिथं लंकाबाई स्वतःचं काही चालवत नाही.

कुसाबाईला हे पटवायला मात्र तिचा आठवडा गेला. जेवणाच्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ चाळीस डबे उघडले की रोज तीच खडाखडी.

"उपास मोडायला सांगू ऱ्हायली का मला?" कुसाबाई म्हणाली.

"उपास कर ना कुसाक्का. पण दिवसभर चहावर काढायचा अन् रातच्याला साबुदाण्याचं पातेलं, याला काय म्हणू? शंभर ग्रॅम साबुदाण्यात सत्त्याऐंशी ग्रॅम नुसतं जळण."

"देवीला चालतं."

"देवीला चालतं. तुझ्या रक्ताला नाय चालत. देवीला दाणे चालत्या, दही चालतं, राजगिरा चालतो. ते का नाय खात? सकाळच्याला खा, गोळीच्या बरोबरीनं."

शेजारून भागीबाई म्हणाली, "तिला गोड बंद केलं तेव्हापासून ती लोणच्याचा खारसुद्धा चाटून खाती, लंका. तिला बंदी नको घालू, जीव घेईल कोणाचा तरी." भागीबाई लाइनवर कुसाबाईच्या शेजारी उभी राहते आणि तिच्या वतीनं बोलते. कुसाबाईला ते आवडत नाही.

"बंदी घालतच नाय मी," लंकाबाई म्हणाली. "होळीला पुरणाची पोळी खाशील, माझ्या समोर. पण तोवर दोन वेळा चाळीस-चाळीस ग्रॅम डाळ, एक अंडं, वाटीभर दही, अन् भाकऱ्या तीनच्या दीड. कबूल?"

पुरणपोळीचं नाव ऐकून कुसाबाई कबूल झाली. आणखी अकरा जणी नुसत्या गंमत म्हणून सामील झाल्या. लंकाबाईनं आपला घरचा छोटा काटा कुसाबाईला दिला. बाकीच्यांना म्हणाली, "तुम्हाला काटा कशाला? हात हायेत ना?"

डॉक्टरांना सांगून झालं आणि काम सुरू झालं. आणि बिघडलं. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कुसाबाईचा चेहरा उतरला. भाकऱ्या अर्ध्या झाल्या होत्या, पण बोटाला टोचून बघितलेली साखर म्हणावी तशी हलत नव्हती. दुपारी हात थरथरायला लागला. एका शनिवारी तिच्या तीन डब्या काट्यावरून परत आल्या, चारशे नव्वद-ब्याण्णव ग्रॅमच्या. असं वीस वर्षांत झालं नव्हतं. धनराज लांबून बघत होता.

लंकाबाईचं डोकं फिरलं. तिनं सगळ्या लाइनसमोर विचारलं, "चोरून काय खाती, कुसाक्का?"

"काय?"

"गावात कोणाकडं चहा पिती, किती चमचे साखर घालून? मी माझी मुकादमी लावली तुझ्यावर. अन् तू मला फसवू ऱ्हायली?"

कुसाबाईनं कैची खाली ठेवली. "दोन वेळा चाळीस ग्रॅम डाळ मोजून खाते मी," ती म्हणाली. "तुझ्याच काट्यावर. भरवसा नाय ना, मंग उद्या ये घरी. डोळ्यांनी बघ."

दुसऱ्या दिवशी रविवार. लंकाबाई दुपारच्या जेवणाला कुसाबाईच्या घरी जाऊन बसली, पुराव्यानिशी पकडायच्या तयारीनं. कुसाबाईचा नवरा सावळीराम ओट्यावरच होता. "या मुकादम," तो म्हणाला, "आमच्या बायकोला तुम्ही उपाशी मारू ऱ्हायल्या अन् वर चोरबी म्हणता, असं ऐकलं."

"जेवायला बसा, कळेल आत्ता कोण काय करतं ते."

कुकरमध्ये डाळ शिजली होती, पाच माणसांची. कुसाबाईनं आधी सावळीरामला वाढलं, मग मुलगा सोमनाथला, मग सुनेला आणि नातीला. डाव तळापर्यंत घालून प्रत्येकाला दाट डाळ. मग उरलेल्यात तांब्याभर पाणी घातलं, उकळी आणली आणि स्वतःचं ताट घेतलं. फडताळातून काटा काढला, वर रिकामी वाटी ठेवली, आकडा शून्यावर आणला. आणि ते पातळ वरण डावातून हळूहळू वाटीत सोडलं. वीस, तीस, अडतीस. चाळीसला हात थांबला.

"बघ," ती म्हणाली. "एक ग्रॅम इकडं-तिकडं नाय."

वाटीच्या तळाला दोन चमचे पिवळं पाणी होतं. त्यात डाळीचे दाणे मोजता आले असते.

"हे चाळीस?" लंकाबाई म्हणाली. "अगं आक्का, डाळ मोजायची. कोरडी. शिजवायच्या आधी."

कुसाबाईनं तिच्याकडे असं बघितलं, जसं ती नव्या पोरीकडे बघते. "माल तयार झाल्याबिगर काट्यावर ठेवायचा नाय, हे कोण सांगतं रोज? देठ छाटायचा, डागी काढायचा, डबीत बसला की मंग मोजायचा. कच्चा माल कोण मोजतं, लंका?"

लंकाबाईनं मनात हिशोब केला. चाळीस ग्रॅम कोरड्या डाळीत नऊ ग्रॅम बांधकाम असतं. या वाटीत जेमतेम दीड-दोन. म्हणजे महिनाभर तिनं या बाईचं जळण निम्मं केलं होतं आणि बांधकामाच्या नावाखाली तिला पाणी पाजलं होतं. बाकी अकरा जणीही त्याच शेडमधल्या, त्याच शिस्तीतल्या. त्यांनी काय केलं असेल ते विचारायची गरज नव्हती. आणि "कोरडी" हा एक शब्द सांगायचा राहिला होता, तो तिच्याच तोंडून.

"डाळीचा डबा कुठंय?" ती म्हणाली.

कुसाबाईनं डबा पुढं केला. लंकाबाई म्हणाली, "काट्याकडं बघू नको. एका माणसाची काढ. चाळीस."

कुसाबाईनं डब्यात हात घातला. मूठ वर आली, जराशी सैल झाली, चार दाणे परत पडले. काट्यावर ठेवली तर एक्केचाळीस. तिनं तोंड वाकडं केलं, चिमटीनं थोडे दाणे उचलले. चाळीस. महिन्याभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर ती जुनी ऐट आली. "द्राक्षापरीस हलकी हाय," ती म्हणाली, "दोन दिवसांत बसेल हातात."

"पाच माणसांच्या पाच मुठी टाकल्या तरी तुझ्या ताटात येईल का?" लंकाबाईनं विचारलं. "डाव तळातून फिरवून तू सगळ्यांना दाट वाढती, अन् स्वतः धुवण पिती. आधी तुझी वाटी काढून ठेव. झाकून."

"नवऱ्याच्या आधी?"

"खाऊ नको आधी. काढून ठेव."

कुसाबाईला हे उपासापेक्षा अवघड होतं. पस्तीस वर्षांत स्वतःची वाटी आधी भरायचं तिच्या मनात आलं नव्हतं, आणि तसं करू नको असं कोणी सांगितलं होतं असंही नाही, रीतच होती. शेवटी सावळीरामच घास थांबवून म्हणाला, "काढ की. मी काय डाळीवर पोलीस बसवलाय का? उगं मुकादमांपुढं माझी बेइज्जती."

सोमवारी सुट्टीत लंकाबाई पाण्याच्या टाकीजवळ उलट्या क्रेटवर उभी राहिली. माफी मागायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ती भांडल्यासारखीच बोलली. "शनिवारी मी कुसाक्काला चोर म्हणले. ती चोर नाय. चूक माझी. डाळ कोरडी मोजायची असती, हे मी सांगितलंच नाय. झालं. कोणाला काय बोलायचं ते बोला."

भागीबाईनं डब्याचं झाकण लावलं. "म्हणजे महिनाभर आम्ही पाणी पिलो?"

"पिल्या."

"तरीच म्हणलं, मुतायलाच लय जावं लागू ऱ्हायलं," भागीबाई म्हणाली, आणि चाळीस बाया अशा हसल्या की धनराज बाहेर येऊन बघून गेला. कुसाबाई हसली नाही. ती आपल्या डब्यातली दाट डाळ लंकाबाईपुढं सरकवत म्हणाली, "चाख. आधी काढून ठेवलेली हाय."

त्यानंतर मूठ बसली. दोन मुठी डाळ, पैकी एक कधी मटकी, कधी हरभरा. उकडलेलं अंडं कुसाबाई पदराच्या टोकात बांधून आणायची, कारण डब्यात त्याचा वास राहतो म्हणून सून कुरकुरायची. मंगळवारी उपास चालूच राहिला, फक्त आता सकाळी दही, राजगिरा आणि मूठभर दाणे खाऊन, गोळी डॉक्टरांनी सांगितली तशी. होळीला लंकाबाई शब्द पाळायला स्वतः हजर झाली. कुसाबाईनं एक पुरणपोळी खाल्ली, वर चमचाभर तूप, वाटीभर कटाची आमटी. भात त्या दिवशी नाही, भाकरी नाही. सुनेनं दुसरी पोळी वाढायला आणली. कुसाबाईनंच ताटावर हात आडवा धरला. "बसत नाय कोट्यात," ती म्हणाली. "उद्या सकाळच्याला अर्धी खाईन."

ते ऐकून लंकाबाईला जी खात्री वाटली, ती रिपोर्ट यायच्या आधीच वाटली. ज्या बाईला बंदी घातली की ती खारसुद्धा चाटते, तिला मोजायला शिकवलं की ती स्वतः हात आडवा धरते.

मार्चभर कुसाबाईच्या डब्या परत आल्या नाहीत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रिपोर्ट आला. सात पॉइंट आठ. डॉक्टरांनी इंजेक्शन पुढं ढकललं, गोळी तीच ठेवली, आणि काम करायला हरकत नाही असं लिहून दिलं. दोघी तो कागद घेऊन धनराजच्या टेबलापाशी गेल्या. त्यानं वाचला आणि म्हणाला, "छान. बघू पुढच्या वर्षी."

"बघू नाय," लंकाबाई म्हणाली. "यादी काढ. पुढच्या सीझनची. नाव लिही, आत्ता."

त्यानं वही काढली. कुसाबाईचं नाव पहिलं लिहिलं, लंकाबाईचं दुसरं. बाहेर पडताना कुसाबाई म्हणाली, "देवीनं सांभाळलं बाई." लंकाबाईच्या जिभेवर उत्तर आलं होतं, धारदार. तिनं ते गिळलं. मग राहवेना म्हणून एवढंच म्हणाली, "हो. अन् डाळ?"

"डाळ मी मोजली," कुसाबाई म्हणाली. "तू तर पाणी पाजत होती."

यंदा त्या शेडमध्ये सव्वीस बाया मुठीनं डाळ काढतात. सावळीरामही विचारतो, त्याच्या ताटात बांधकाम किती आलं. हे करायला कोणाला जिम लागली नाही की ब्रोकोली लागली नाही. एक छोटा काटा, आणि चूक कबूल करायची तयारी. तुमच्या घरात दोन्ही असायला हरकत नसावी.

म्हणून एक मागणं आहे. आज संध्याकाळी कुकर लावायच्या आधी डाळ कोरडी मोजा, माणशी चाळीस ग्रॅम. शिजली की कोणालाही वाढण्याआधी, तुमच्या घरात जी शेवटी जेवते तिची वाटी तळातून दाट भरा आणि झाकून ठेवा. ती नको म्हणेल. तरी ठेवा.